घाटात पिकअप बसतो, पी००८७ आणि पी०२९९ हे एरर कोड सोबत येतात. पंप खोलू का?

सहाचाकी_इंदूर

नमस्कार मंडळी, जरा अडलोय म्हणून लिहितोय, लांबेल, सांभाळून घ्या. बाबांनी घेतलेला सहा टायरी ट्रक आहे, २०१७ चं मॉडेल, बीएस-४, चार सिलिंडर कॉमन रेल, २४ व्होल्ट. ३ लाख ८० हजार चाललाय, हेड अजून उघडलेलं नाही. काम ठरलेलं, पीथमपूरहून पार्ट्स घेऊन नाशिक आणि येताना पिंपळगावहून टमाटे, जे सकाळी चोइथराम मंडीत उतरायलाच हवेत नाहीतर भाव गेला.

दोन महिन्यांपासून येताना बिजासन घाटात (शिरपूर आणि सेंधव्याच्या मधे) गाडी मरते. म्हणजे बंद नाही पडत, पण चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात आणि मग चेक लाईट लागते आणि १५००-१६०० च्या वर आरपीएमच जात नाही, मागे ट्रेलरवाले हॉर्न मारत बसतात. रडत खडत सेंधव्याला पोचायचं, वीस-पंचवीस मिनिटं चहापाणी, गाडी बंद करून चालू केली की जशी काही झालंच नाही! पुढे खलघाट ओलांडून गणपती घाट चढते, थोडी सुस्त वाटते पण चढते. जाताना कधीच नाही. मधे एकदा खंडव्याहून माल आणला, भेरूघाट भरल्या गाडीने आरामात चढली, म्हणून तर डोकं फिरलंय.

देवास नाक्यावर स्कॅनर लावला, पी००८७, पी०२९९ आणि एक पी०४०१ निघाला. कोड उडवले, पुढच्या फेरीत पहिले दोन परत. आत्तापर्यंत बदललेलं सांगतो, दोन्ही डिझेल फिल्टर दोनदा, एअर फिल्टर, रेलचा प्रेशर सेन्सर (तो ओरिजिनल घेतला, खिसा फाटला), बॅटरीची एक अर्थिंग वायर, आणि एप्रिलमधे धुळ्याबाहेर धाब्यावर रात्री डिझेल काढलं होतं कोणीतरी तेव्हा टाकीला लॉकवालं झाकण, पण तो वेगळाच किस्सा. मला तर शिरपूरच्या पंपावरच्या डिझेलवर डाऊट आहे कारण तिथे भरलं की पुढे हे होतं. पण पंप-नोजलवाला म्हणतो हाय प्रेशर पंप गेलाय आणि चारी नोजल सोबत करून घ्या, ६२ हजार. बाबा म्हणतात विकून टाक. काय करू?

घाटरोड_किंग

टर्बो गेला भिया. पी०२९९ म्हणजे बूस्ट, टर्बोने दाबून दिलेली हवा, कमी. माझ्या गाडीला सेम टू सेम झालं होतं, टर्बो टाकला आणि विषय संपला. ६२ हजार पंपात घालू नको.

जुना_फिटर

थांबा थांबा, एवढ्यात टर्बो पण नको आणि पंप पण नको. मी तीस वर्षं डिझेलमधे हात काळे केलेत, आता मुलगा बघतो गॅरेज आणि मी असं लिहीत बसतो, तेव्हा जरा सावकाश वाचा.

कोड म्हणजे निकाल नव्हे, तक्रार आहे. पी००८७ म्हणजे ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) म्हणतोय की रेलमधे, म्हणजे सगळ्या नोजलना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीत, मी मागितलं तेवढं प्रेशर आलं नाही. का आलं नाही ते त्याला माहीत नाही. पी०२९९ म्हणजे टर्बोकडून जेवढी हवा यायला हवी तेवढी आली नाही. आता दोन्ही सोबत आले तर आधी कोण आलं ते बघायचं, चांगल्या स्कॅनरमधे फ्रीझ फ्रेम असते, कोड पडला त्या क्षणाचं आरपीएम, लोड, प्रेशर सगळं त्यात लिहिलेलं असतं, ते न बघता कोड उडवला म्हणजे पंचनाम्याच्या आधी जागा धुतली. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर. डिझेलच कमी जळलं तर एक्झॉस्टमधे दम नाही, मग बूस्ट कुठून येणार. म्हणून पी००८७ असताना पी०२९९ ला बरेचदा मागून आलेला पाहुणा समजायचं. उलटं सहसा होत नाही.

आणि धूर! तुम्ही एवढं मोठं लिहिलंत पण धुराचं एक अक्षर नाही. घाटात काळा धूर सोडत गाडी मरत असेल तर डिझेल जातंय, हवा कमी पडतेय, मग इंटरकूलरचे होस, टर्बो, ईजीआर (जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय का ते बघा. धूर नाही आणि दम पण नाही म्हणजे डिझेलच पोचत नाहीये. हा फरक बघायला स्कॅनर लागत नाही, आरसा लागतो.

पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून धूर कमी जातोय, त्याचा इथे संबंध दिसत नाही, कोणीतरी ईजीआरला पत्र्याची पट्टी मारली असेल, आपल्याकडे अर्ध्या गाड्यांना असते. नंतर काढा ती.

आता करायचं काय. लाइव्ह डेटा दिसेल असा स्कॅनर घ्या, आणि २४ व्होल्टला चालतो हे विचारून घ्या, दोन-तीनशेवाले निळे ब्लूटूथ डबे बहुतेक १२ व्होल्टचे, लावला की धूर तिथूनच निघेल. मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर, दोन्ही आकडे सोबत बघा, आयडलवर आणि चढावर. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून बूस्ट सेन्सरचा आकडा बघा, आपलं इंदूर समुद्रापासून साधारण साडेपाचशे मीटर वर आहे तर तिथे तो ९५ किलोपास्कलच्या आसपास दाखवायला हवा, कारण टर्बो थांबलेला असताना बाहेरची हवाच मोजतो तो. ८० किंवा ११० दाखवला तर सेन्सर खोटा बोलतोय.

मग नोजलची रिटर्न टेस्ट. चारी नोजलच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडायच्या, इंजिन गरम असताना दोन-तीन मिनिटं चालवायचं. चारीत सारखं डिझेल आलं तर नोजल बऱ्यापैकी ठीक, एखादी बाटली भसाभस भरली तर तो नोजल प्रेशर खातोय. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, ६२ हजारच्या आधी करून घ्या. आणि एक हात जोडून सांगणं, चालू गाडीत रेलची किंवा नोजलची हाय प्रेशर नळी कोणी ढिली करायची नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाची सवय असलेले पोरं पान्याने नट सैल करून हवा काढतात, त्यात ठीक होतं. इथे हजार-बाराशे बारची धार असते, दिसत नाही आणि कातडीतून आत जाते, मग बोट कापायची वेळ येते. बंद केल्यावरही थोडा वेळ जाऊ द्या.

सहाचाकी_इंदूर

काका, तुमचं वाचून रविवारी दिवसभर तेच केलं. देवास नाक्यावरच्या त्याच पोराला पोहे-जलेबी खिलवून सोबत बसवला आणि लॅपटॉपवाला स्कॅनर घेऊन राऊ-मानपूर चक्कर मारली. नंतर येताना टमाट्याच्या फेरीतही ड्रायव्हरसोबत मी स्वतः बसलो, स्कॅनर भाड्याने घेऊन. आता आकडे,

चावी ऑन, इंजिन बंद, बूस्ट सेन्सर ९५. तुम्ही बोललात तेच, अंगावर काटा आला!

आयडलवर मागितलेलं ३२० बार, आलेलं ३१५ ते ३२५. मस्त. मानपूरकडे भरधाव पळवली तरी मागे-पुढे तीस-चाळीसचा फरक, कोड नाही.

बिजासनला मात्र तमाशा. पळासनेर सोडल्यावर मागणी १३५०, आले ११००, मग ९००, मग ७०० आणि तिथे लाईट लागली. फ्रीझ फ्रेममधे पी००८७ आधी, पी०२९९ त्यानंतर. धूर आरशात बघत होतो, नावालाही नाही.

बाटल्यांची टेस्ट केली, चारी बाटल्या जवळजवळ सारख्या, उन्नीस-बीस. पंप-नोजलवाल्याला फोटो पाठवला तर म्हणाला मग पंपच आहे, नक्की. आता बोला.

जुना_फिटर

शाब्बास. बघा, नोजल पीत नाहीत. सेन्सरही नवीन आणि आयडलला खरं बोलतोय. हाय प्रेशर पंप खराब असता तर भेरूघाटात पण रडला असता ना, माल भरलेला होता म्हणता, तो घाट काय सपाट आहे का. पंप जागा बघून आजारी पडत नाही. म्हणजे पंपाला डिझेल पोचतच नाहीये, पण कायम नाही, कधी कधी. टाकी ते पंप, हा सगळा रस्ता बघा. टाकीतली जाळी, टाकीतून येणारा रबरी पाइप (जुना झाला की बाहेरून छान दिसतो आणि आतलं अस्तर सुटून ओढ लागली की स्वतःच बंद होतो, मी असले तीन कापून बघितलेत), प्रायमरचा व्हॉल्व्ह. फिल्टर आणि पंपाच्या मधे हातभर पारदर्शक पाइप घाला आणि बुडबुडे दिसतात का बघा.

घाटरोड_किंग

मी अजूनही टर्बो म्हणतो, बघा बाकी तुम्ही.

हिशोबवाली_बडोदा

मी फिटर नाही, आमच्या चार गाड्यांचा हिशोब बघते बडोद्यात, त्यामुळे मला पाइप-बिइप कळत नाही, चुकलं तर हसू नका. पण दादा तुम्ही लिहिलंय की शिरपूरला भरलं की होतं. माझा प्रश्न असा की शिरपूरला तुम्ही दरवेळी टाकी फुल करता का? आणि खंडव्याच्या फेरीत टाकी किती होती? कारण बिल आणि किलोमीटर जुळवताना मला एक सवय लागलीय, की गोष्ट जागेची आहे की तारखेची की लिटरची हे वेगळं वेगळं करून बघायचं. तुमचा दोष घाटाचा नसून फुल टाकीचा असला तर?

आणि दुसरं, सेंधव्याला थांबल्यावर गाडी बंद-चालू करण्याशिवाय ड्रायव्हर अजून काय करतो? आमचे ड्रायव्हर चोरीच्या भीतीने प्रत्येक स्टॉपला टाकी उघडून काठी घालून बघतात.

सहाचाकी_इंदूर

ताई हसू कशाला, मी तर बिलं काढून बसलो. शिरपूरला दरवेळी फुल, टाकी १६० लिटरची आहे आणि पंपावरचा पोरगा भरायची नळी आपोआप कट झाल्यावरही वरून दोन-चार लिटर दाबून घालतो. खंडव्याच्या फेरीत इंदूरहूनच ८० च्या आसपास घेऊन निघालो होतो, कुठे भरलं नाही.

आणि ड्रायव्हरला फोन केला. तो म्हणाला हां भैया, चोरी हुई तब से हर जगह डंडी डालके देखता हूँ. मी विचारलं, झाकण उघडताना काही आवाज येतो का, तर म्हणे, सोडा की बोतल जैसा फुस्स करता है, और टंकी भी टण्ण बोलती है, मैंने सोचा नया ढक्कन टाइट है अच्छा है.

दोन महिने हा माणूस फुस्स ऐकतोय आणि मला सांगत नाहीये!!

जुना_फिटर

हात्तिच्या. पहिल्याच पोस्टमधे लिहिलं होतंत तुम्ही, लॉकवालं झाकण, आणि वेगळा किस्सा म्हणून आम्ही सगळे पुढे गेलो. मी पण. ताई, तुम्ही आमच्या गॅरेजला या, खुर्ची देतो.

टाकीतलं डिझेल जळत जातं तेवढी हवा आत यायला हवी. कंपनीच्या झाकणात त्यासाठी बारीक वाट असते, व्हॉल्व्ह असतो, काही टाक्यांना वेगळी श्वासाची नळी असते. तुमच्या टाकीला वेगळी नळी नसणार, किंवा असली तरी चिखलाने बुजलेली असणार, ती बघा. बाजारातलं स्वस्त लॉकवालं झाकण म्हणजे नुसतं बूच. आता गणित बघा, मजेशीर आहे. टाकी काठोकाठ भरली तर वर हवा उरते धरा आठ लिटर. शिरपूर ते घाट तीसेक किलोमीटर, भरल्या गाडीला पाच लिटर गेलं. म्हणजे आठ लिटरची हवा तेरा लिटरच्या जागेत पसरली, प्रेशर एक तृतीयांशपेक्षा जास्त उतरलं. टाकीच डिझेल मागे ओढून धरते आणि पंप पुढे ओढतो. तेच टाकी अर्धी असेल तर वर ८० लिटर हवा, पाच लिटर गेलं तर ८५, सहा टक्के पण फरक नाही, पंपाला कळतही नाही. खरं तर टाकीचा पत्रा आत बसतो आणि झाकणाचं रबर थोडी हवा घेतं म्हणून एवढं कागदासारखं नेमकं होत नसेल, पण टण्ण आवाज म्हणजे तो आत बसलेला पत्राच बाहेर आला. म्हणून भेरूघाट चढला. आणि म्हणून सेंधव्यानंतर ठीक, काठी घालायला झाकण उघडलं की हवा भरली. गाडी बंद-चालू केल्याने ईसीएमचा आखडता हात सुटला इतकंच.

शिरपूरच्या पंपवाल्याचं डिझेलही चांगलंच असणार, बिचारा.

आता लगेच विश्वास ठेवू नका, दाखवून घ्या. टाकी फुल करा, झाकण तसंच लावा, चढावर रेल प्रेशर पडायला लागलं की बाजूला सुरक्षित जागी थांबा, गाडी चालूच ठेवून झाकण उघडा, लावा, परत चढा. इंजिन बंद न करता दम परत आला तर गुन्हेगार सापडला. इंजिन बंद केलंत तर दोन गोष्टी सोबत बदलतील आणि घाटरोडवाले परत टर्बो म्हणतील.

घाटरोड_किंग

😂 म्हणणारच.

सहाचाकी_इंदूर

आलो मंडळी, आठ दिवस लागले कारण मधे टमाट्याचा भाव पडला आणि फेरीच नव्हती.

काकांनी सांगितलं तसंच केलं. शिरपूरला फुल, पोराला म्हटलं अजून दाब, तो पण बघतच राहिला कारण मागच्या वेळी मी त्याच्याशी डिझेलवरून भांडलो होतो. पळासनेरच्या पुढे प्रेशर ८५० ला आलं आणि पाय जमिनीला लागला तरी गाडी उठेना. रुंद जागा बघून बाजूला घेतली, पार्किंग लाईट, चाकाला दगड, इंजिन चालू, आणि मी स्वतः झाकण फिरवलं. फुस्स काय, सुस्कारा होता तो, चांगला तीन-चार सेकंद, आणि टाकी अशी वाजली की क्लिनर मागे सरकला. परत चढलो, मागितलं १३५० आणि आलं १३३०. लाईट नाही, काही नाही, आम्ही दोघं केबिनमधे ओरडलो अक्षरशः.

घरी येऊन टाकीच्या वरची श्वासाची नळी शोधली, काका म्हणाले तशी होती! पण तोंडाशी मातीचं घर करून ठेवलेलं कुंभारीण माशीने. तार घालून साफ केली. म्हणजे नळी कधीपासून बंद होती देव जाणे, जुन्या झाकणातून श्वास चालू होता म्हणून कळलं नाही आणि झाकण बदललं तेव्हा दोन्ही नाकपुड्या बंद.

मी तर येताना घाटातच घाई करून लॉकवाल्या झाकणाला ड्रिलने भोक पाडणार होतो, ड्रिल नव्हतं म्हणून वाचलं.

जुना_फिटर

बरं झालं ड्रिल नव्हतं. उघडं भोक म्हणजे पावसाळ्यात टाकीत पाणी, आणि कॉमन रेलच्या पंपाला पाणी म्हणजे विष. व्हॉल्व्हवालं लॉक झाकण मिळतं, तुमच्या टाकीच्या मापाचं मागा, तोंडाने फुंकून-ओढून बघा, ओढल्यावर हवा आली पाहिजे. फिल्टरच्या खालची पाण्याची चावी पण सोडून घ्या एकदा.

पी०२९९ परत आला का?

सहाचाकी_इंदूर

हो ना, तेच सांगायचं राहिलं. पी००८७ गेला तो गेलाच, तीन फेऱ्या झाल्या. पण पी०२९९ एकदा एकटाच आला, काल, आणि या वेळी हलका काळा धूर होता. तुमचं आरशाचं लक्षात ठेवून इंटरकूलरच्या होसवर साबणाचं पाणी मारलं, पोराने हवा भरली, खालच्या क्लॅम्पच्या मागे बारीक फेस. होस क्लॅम्पच्या कडेने कापला गेलाय, बोटाने दाबलं तरच दिसतो. बहुतेक कुणीतरी अति घट्ट आवळला होता. होस आणि क्लॅम्प मिळून १८०० गेले, व्हॉल्व्हवालं झाकण ६५०.

घाटरोड_किंग

बघा, हवेचा पण लोचा होताच की. अर्धा मी बरोबर.

हिशोबवाली_बडोदा

अर्धा टर्बो कितीला येतो दादा? 😄

सहाचाकी_इंदूर

ताई 🙏 बडोद्याला माल लागला तर तुमच्याकडे येऊन जाईन, इंदूरची शेव घेऊन. बाबांनी विकायचं नाव काढणं बंद केलंय. ड्रायव्हर मात्र अजूनही सेंधव्याला झाकणाला कान लावून हळूच फिरवतो आणि फोन करतो, भैया आज कुछ नहीं बोली.

पी०४०१ ची पट्टी खरंच निघाली, कापलेल्या डब्याचा पत्रा होता. ती काढून ईजीआर साफ करायचं पुढच्या रविवारी, त्याचा वेगळा धागा काढतो.